कुलपाआडचा लंबक

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नवऱ्याला घरातच टांगून ठेवलंय, अशी बातमी मध्यंतरी आमच्या इमारतीत फिरत होती.

बातमी आणली वीजमीटर वाचणाऱ्याने. बाईंचा मीटर जिन्यात, त्यांच्या घरातल्या एका बंद खोलीच्या झरोक्याला लागून. स्टुलावर चढून आकडे टिपता टिपता त्याची नजर झरोक्यातून आत गेली आणि त्याला अंधारात काहीतरी लोंबकळताना दिसलं. लोंबकळताना आणि हलताना. तो तसाच खाली उतरला, माझ्या दाराशी येऊन पाणी मागितलं, घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "साहेब, पुढच्या महिन्यापासून त्यांचा मीटर तुम्हीच वाचून सांगा."

आता अशी बातमी आपण होऊन दारात चालत आली, तर तिला परत पाठवणं माणुसकीला धरून नाही. मी ती प्रत्येक मजल्यावर पोचवली. पदरची मीठमिरची घातली ती एवढीच, की पाय जमिनीला टेकलेले नव्हते.

ते खरंच होतं. गोळ्याला पाय नसतात. टांगलेला होता तो एक लोखंडी गोळा, नारळाएवढा, आणि नवरा गेल्या हिवाळ्यातच रीतसर गेला होता. झोपेतच गेला. त्याला जिन्यावरून खाली उतरवणाऱ्यांत मी स्वतः होतो, त्यामुळे तो वर राहिला नव्हता हे मी छातीठोक सांगू शकत होतो. पण छाती ठोकायची मला घाई नव्हती.

बाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. तेही कुणाला? ज्यांनी पदार्थविज्ञानाच्या धास्तीने दुसरी वाट धरली, त्यांना. साहित्य घेतलेली, व्यापार घेतलेली, इतिहास घेतलेली पोरं. कॉलेजचा नियम असा, की प्रत्येकाने एक तरी शास्त्राचा विषय घ्यायचा. मग ही सगळी दंतवैद्याकडे बसल्यासारखी तोंडं करून बाईंच्या वर्गात येतात. पोरं त्या विषयाला 'बिनगणिताचं फिजिक्स' म्हणतात. बाई फळ्यावर सूत्र लिहीत नाहीत. फळ्यावर वर्षभर एकच ओळ असते, ती कुणी पुसायची नाही: 'पाहिलं ते आधी, वाटलं ते नंतर.'

एकदा त्या घराची किल्ली दाराला तशीच ठेवून गेल्या होत्या, ती द्यायला मी वर्गात गेलो होतो. बाई भिंतीला डोकं टेकून उभ्या होत्या आणि छताला बांधलेला तसलाच एक गोळा त्यांनी नाकाशी धरला होता. त्यांनी तो नुसता सोडला. गोळा सरसरत वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून थेट त्यांच्या तोंडावर चालून आला. पोरी किंचाळल्या. मी किल्ली टाकली. गोळा नाकापासून कागदभर अंतरावर थबकला, जरा विचार केल्यासारखं केलं आणि मागे फिरला. बाईंची पापणी हलली नव्हती.

"जिथून सोडला त्याहून वर तो जात नाही," त्या म्हणाल्या. "मी ढकलला असता तर आत्ता माझं नाक शोधत बसला असतात. फक्त सोडायचा. आणि सोडल्यावर आपण पुढे वाकायचं नाही."

हे सगळे गोळे, तारा, भिंगं, डबे जुळवून द्यायचे ते त्यांचे यजमान. त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. हा माणूस दिवसातून दहा शब्द बोलायचा, त्यातले आठ बायकोशी. मी जिन्यात गाठून कितीही डिवचलं तरी हसून किल्ली फिरवायचा. घरातली मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. त्यांचं शेवटचं काम तिथेच होतं: तीन उंच लाकडी पाय वर एकत्र बांधलेले, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे, मधोमध तारेला टांगलेला गोळा. गोळ्याच्या बुडाला एक टोकदार खिळा आणि त्याखाली बारीक वाळूचं तबक. गोळा झुलला की खिळा वाळूत रेघ काढणार. बाईंच्या पोरांना आंदोलनाचा धडा शिकवायला हे यंत्र कॉलेजात न्यायचं होतं. ते न्यायच्या आधीच यजमान गेले. बाईंनी खोलीला कुलूप लावलं.

इथवर सगळं दुःखाचं, पण समजण्यासारखं. पुढचं समजण्यासारखं नव्हतं.

उन्हाळा लागला होता. एका दुपारी मी नुकताच पडायच्या बेतात होतो. माझी छापखान्यातली पाळी सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरचा राजा. लेक बाळंतपणासाठी आली होती, नात नुकतीच पाळण्यात झोपली होती, लेक आणि आमची ही आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. दार वाजलं. बाहेर बाई. हातात कॉलेजची पिशवी तशीच, चेहरा कागदासारखा.

"शेजारी, जरा वर येता? मला दुसऱ्या माणसाचे डोळे हवेत."

"माझेच मिळाले का? चाळिशी लागलीय त्यांना."

"तेच आणा. बोलू नका फक्त."

बाईंनी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. खिडकी बंद, तिच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर आडवी पडलेली. तेलाचा आणि रंध्याने तासलेल्या लाकडाचा वास. दारामागे यजमानांचा कोट. टेबलावर त्यांचा चष्मा, काड्या उघड्याच, जणू माणूस डोळे चोळायला उठलाय. आणि खोलीच्या मधोमध तो गोळा झुलत होता.

सावकाश. अगदी सावकाश. इकडून तिकडे, तिकडून इकडे. खिळा वाळूतून जाताना आवाज यायचा, सर्र... मग क्षणभर काहीच नाही... मग पुन्हा सर्र. झोपलेल्या माणसाचा श्वास असतो ना, तेवढ्याच संथपणे. उन्हाच्या पट्टीतून गोळा जायचा तेव्हा उजळायचा आणि पलीकडे विझायचा. तबकात एकावर एक रेघा पडल्या होत्या, लांब, निमुळत्या, कुणीतरी एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवावं तशा.

माझ्या मानेवरचे केस ताठ झाले. तसे ते फार उरलेले नाहीत, पण जे होते ते उभे राहिले.

"काय दिसलं?" बाईंनी हळू विचारलं.

"भूत!"

"ते वाटलं. दिसलं काय?"

"गोळा हलतोय. कुणी हलवत नाहीये."

"कुणी हलवत नाहीये, हेही वाटलं. 'कुणी दिसत नाहीये' म्हणा."

अशा वेळीही मास्तरकी सुटत नाही म्हणजे काय! मी दाराबाहेर सरकलो. बाईंनी सांगितलं, की हे काही दिवस चाललंय. सकाळी जाताना त्या वाळू तळहाताने सपाट करतात, गोळा हाताने थांबवतात, कुलूप लावून किल्ली पिशवीत टाकतात. परत येतात तर वाळूत रेघा. कधी गोळा झुलत असतो, कधी नुकताच थांबलेला. खिडकीच्या फटींना त्यांनी कागद चिकटवून पाहिले होते, उंदरासाठी पीठ पसरून पाहिलं होतं. पिठावर एकही पाऊल उमटलं नव्हतं.

मला भीती वाटली की माझी जीभ सुटते. "मग बाई, दुपारचा चहा किती कप टाकता?"

मला वाटलं होतं, रागावतील. त्या गोळ्याकडे बघत म्हणाल्या, "दोन."

मी हसायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"उद्या पोरांसमोर उभी राहीन तेव्हा त्यांना सांगेन, की कारण शोधल्याशिवाय सोडू नका," बाई म्हणाल्या. "आणि इथे मी कारण शोधायला घाबरते. सापडलं तर ही खोली रिकामी होईल हो. खरीखुरी रिकामी. आणि नाही शोधलं, तर कुठल्या तोंडाने वर्गात जाऊ?"

मी खाली आलो आणि हिला उठवून सगळं सांगितलं. ही म्हणाली, "त्या बाईचं दुःख काय आणि तुमचं काय चाललंय! कुणाला बोलू नका." मी कुणाला बोललो नाही. फक्त तळमजल्यावरच्या शिंप्याला बोललो. शिंप्याची भाची बाईंच्या वर्गात आहे हे माझ्या लक्षात नव्हतं, अशी माझी बाजू आहे.

बाईंच्या विषयात परीक्षेआधी एक रिवाज असतो. सगळ्या वर्गाने मिळून गावातली एक न उलगडलेली गोष्ट निवडायची आणि तिचा छडा लावायचा. एका वर्षी पोरांनी केशकर्तनालयातल्या समोरासमोरच्या आरशांत आपण किती वेळा दिसतो आणि शेवटचे आपण हिरवट का दिसतो, ते शोधलं. एका वर्षी शिंप्याच्याच दुकानातली काच एक ठरावीक ट्रक गेल्यावरच का थरथरते, ते. या वर्षी गोष्ट निवडायची वेळ आली तेव्हा एक मुलगी उभी राहिली. साहित्याची. तिला सगळे 'पणताई' म्हणतात, कारण तिचं कुठलंही वाक्य 'पण'शिवाय निघत नाही. वर्गातली ही हकिकत मला तिनेच नंतर सांगितली.

"पण बाई," ती म्हणाली, "आम्हाला तुमच्या घरचा लंबक हवाय."

शिंप्याची भाची बाकाखाली चप्पल शोधू लागली. बाईंनी वर्गाकडे पाठ केली, त्या एका ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "दुपारी या. पण त्या खोलीतल्या चष्म्याला कुणी हात लावायचा नाही."

पोरं आली. मीही वर गेलो. एवढा तमाशा आणि मी नाही, असं कसं चालेल? आम्ही भिंतीला टेकून दाटीवाटीने बसलो. बाई दारात उभ्या. वाळू सपाट, गोळा स्थिर. दुपार सरत चालली. उन्हाची पट्टी जमिनीवरून सरकत कोटापर्यंत पोचली. गोळा काही हलेना. कुणाचं तरी पोट गुरगुरलं तेव्हा दोघी जणी एकमेकींना बिलगल्या, तेवढाच काय तो चमत्कार.

दुसऱ्या दुपारीही तेच. मी म्हणालो, "भूत लाजाळू दिसतंय. गर्दी बघून परत जातं."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते परक्या माणसांसमोर कधीच मोकळे होत नसत." आणि ते हसू जिथल्या तिथे गारठलं. पणताईने मला सांगितलं, की घाबरली ती त्या क्षणी. गोळ्याला नाही, बाईंच्या आवाजाला. तिने पहिल्यांदाच बाईंना वाटलेलं आधी बोलताना ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी पोरांनी मला दारातच अडवलं. "काका, तुम्ही आज नका येऊ. तुम्ही फार बोलता."

"मी? मी तर श्वाससुद्धा तोंडातल्या तोंडात घेतो."

"तोच ऐकू येतो, काका."

असा अपमान गिळून मी खाली आलो. लेक म्हणाली, "बरं झालं आलात, बाबा. दोन दिवस तुम्ही नाही तर तुमची नात झोपतच नाहीये. मी खांद्यावर घेऊन घेऊन मोडले." मी आरामखुर्चीत बसलो, पेपर उघडला, पाळण्याची ओढदोरी सवयीप्रमाणे उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि नातीला झोके देऊ लागलो. हे माझं रोजचं काम. पाळणा छताच्या मधल्या तुळईला टांगलेला, जुने लांब दोर, एकदा लय लागली की अंगठा नुसता चाळवला तरी पुरतो. नातीचे डोळे जड झाले. माझेही होऊ लागले.

आणि वर एकदम आरडाओरडा झाला.

मी अंगठा सोडवला, अनवाणीच जिना चढलो. खोलीत पोरं भिंतीला पाठी लावून उभी होती. गोळा झुलत होता. खिडकी बंद, दार बंद होतं म्हणे, मध्ये कुणी नाही, आणि खिळा वाळूत रेघ ओढत होता, सर्र... सर्र... एका मुलाने रुमाल तोंडात कोंबला होता. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, वर्गात उभ्या राहतात तशाच, पापणी न हलवता. पण डोळे भरलेले होते. आणि चेहऱ्यावर मी शपथेवर सांगतो ते होतं: कुणी स्टेशनावर आपल्या माणसाला गाडीतून उतरताना पाहावं, तसं काहीतरी.

आम्ही बघत राहिलो. झोके लहान होत गेले.

"पण काका," पणताई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही इथे असलात की हा हलत नाही. आज तुम्ही खाली होतात तर हलला. तुम्ही वर आलात आणि हळू झाला. खाली तुम्ही काय करत होता?"

"मी? मी काय करणार? नातीला झोपवत होतो!"

"कशी?"

मी पाय वर करून अंगठा दाखवला.

मी आयुष्यात पुष्कळ वेळा लोकांना हसवलंय, पण अंगठा दाखवल्यावर इतकी शांतता पसरलेली कधी पाहिली नव्हती. पणताई धाडधाड खाली गेली. तिने पाळणा पाहिला, दोर पाहिले, मान वर करून तुळई पाहिली. आमच्या छताच्या फळ्या त्याच बाईंच्या खोलीच्या जमिनीच्या फळ्या, आणि त्या लाकडी यंत्राचे दोन पाय नेमके त्या तुळईवर टेकलेले. तिने खिडकीतून वर हाक मारली, "आता हलवते हं!" वरून थोड्या वेळाने उत्तर आलं, "हललाऽऽ!"

म्हणजे सगळ्या इमारतीला घाम फोडणारं भूत हे माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यात राहत होतं, आणि त्या भुताची बातमी घरोघर वाटत मीच फिरत होतो. त्या पहिल्या दुपारीही मी नातीला झोपवून उठलो होतो, तेवढ्यात बाईंनी दार वाजवलं होतं. पाळणा थांबला होता, आणि वरचा जड गोळा मी दिलेले झोके अजून खर्च करत होता.

पण शोध इथे संपत नाही, असं बाईंनीच सांगितलं. त्यांचा आवाज एव्हाना वर्गातला झाला होता.

"पाळणा हलला आणि गोळा हलला, एवढंच दिसलं. पाळण्यामुळे हलला, हे अजून वाटणंच आहे. कसं तपासाल?"

एकजण म्हणाला, पाळण्यात जास्त वजन ठेवू. पणताई म्हणाली, "पण बाई, भुताला दोराच्या लांबीशी काय देणंघेणं? दोर आखूड करून बघू."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, आज पुरे. त्यांनी एकदा टेबलावरच्या चष्म्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "करा."

नातीला उचलून लेकीकडे दिलं, तिच्या जागी उशी ठेवली. आधी उशीवर आमच्या घरातलं पीठ, तांदूळ, इस्त्री असं काय काय लादून पाहिलं. वर गोळा खुशाल झुलला. मग दोरांना गाठी मारून पाळणा वर घेतला. आता तो भराभर हलू लागला, उतावळ्या पोरासारखा. मी अंगठा दुखेपर्यंत झोके दिले. वर गोळा नुसता थरथरला आणि गप्प बसला.

बाईंनी सगळ्यांना वाळूभोवती उभं केलं. "झोपाळ्यावरच्या मुलाला तुम्ही कधी ढकलता? तो परत फिरतो, नेमका त्या क्षणी. अवेळी ढकललंत तर तो थांबतो, वेळेवर ढकललंत तर बोटाने ढकललं तरी आभाळाला टेकतो. टांगलेल्या वस्तूची लय वजनावर नसते, टांगणीच्या लांबीवर असते. पाळण्याची लांबी आणि या तारेची लांबी सारखी निघाली. म्हणून खालचा प्रत्येक झोका फळ्यांमधून वर येत होता, दिसणारही नाही एवढासा, पण दर वेळी बरोबर वेळेला. पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. आणि हे देणंघेणं दोन्हीकडून असतं. इथून झोका दिला तर खालचा पाळणाही हलेल."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मला खांद्यावर घेऊया म्हणालं, माझं वजन पाहून तो विचार सोडून दिला. त्या गडबडीत बाईंनी वाळू तळहाताने सपाट केली, टेबलावरचा चष्मा उचलला, काड्या मिटल्या आणि तो चष्म्याच्या घरात ठेवला. घर मिटताना टक् आवाज झाला. तो माझ्याशिवाय कुणी ऐकला नसावा.

त्यानंतर वरून काहीच आवाज येईना. लेकीला आखूड दोरच सोयीचे वाटले, म्हणून गाठी तशाच राहिल्या. बाई कॉलेजात जायच्या, यायच्या. जिन्यात मी म्हणायचो, "काय बाई, भूत मेलं का?" तर त्या म्हणायच्या, "हो, तुमच्या अंगठ्याला आराम." पण थट्टेला धार नव्हती. आमच्या हिने एक दिवस मला गच्चीत बोलावलं. बाई कपबशा विसळून त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर पालथ्या घालतात, त्या आमच्या मागच्या गच्चीतून दिसतात.

"मोजा," ही म्हणाली.

एकच कप होता.

"तुमच्या त्या शोधाने बघा काय केलं," ही म्हणाली आणि आत निघून गेली. मी म्हणणार होतो, की शोध पोरांचा, मी नुसता अंगठा.

मग एका संध्याकाळी बाई स्वतः खाली आल्या. पाळण्यापाशी उभ्या राहून नातीच्या गालाला बोट लावलं. मग लेकीला म्हणाल्या, "दोरांच्या गाठी सोडशील का गं? आधी होते तेवढे लांब कर."

"अहो बाई!" मला राहवेना. "अख्ख्या वर्गासमोर सिद्ध केलंत ना, की तिथे कुणी नाही?"

"कोण हलवतं ते सिद्ध झालं," बाई म्हणाल्या. "हलू नये, असं कुठे सिद्ध झालं?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे. ही स्टूल घेऊन आली आणि तिने स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या. दुसऱ्या दिवसापासून दुपारी पुन्हा वर सर्र सुरू झालं. कट्ट्यावर पुन्हा दोन कप दिसू लागले. यात भुताखेताचं काही नव्हतं. कारण काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, माझ्या पायालाही.

लेक तिच्या घरी परत गेली. नात गेली. पाळणा मात्र हिने उतरवला नाही. "राहू दे, येईलच पुन्हा," म्हणाली. दुपारी मी पाळण्याला मधूनमधून एखादा झोका द्यायचो. रिकाम्या पाळण्याला झोका देणारा मोठा माणूस वेडा दिसतो, म्हणून पेपर तोंडासमोर धरून द्यायचो.

परवाची दुपार. ही बाजारात गेली होती. मी खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर, पेपर छातीवर. डोळा लागला होता की नव्हता, सांगता येत नाही. तुळईच्या कडीतून आवाज आला, कर्र... आणि मग काहीच नाही... आणि पुन्हा कर्र.

मी डोळे उघडले. पाळणा हलत होता.

पहिल्यांदा मी माझा अंगठा पाहिला. तो जागेवर होता. ओढदोरी जमिनीवर लोळत होती, प्रत्येक झोक्याबरोबर तिचं टोक फरशीवर थोडं पुढे, थोडं मागे सरकत होतं. खिडकी बंद होती. पाळण्यात उशीवर नातीच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता. झोके वाढत होते. सावकाश, एका लयीत, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे. त्या खोलीत मी वीस वर्षं घोरलोय, पण त्या क्षणी ती मला कुणा दुसऱ्याची वाटली.

मग मला बाईंचं वाक्य आठवलं. देणंघेणं दोन्हीकडून. अरे लबाड बाई! वर बसून गोळ्याला झोके देतायत आणि शेजाऱ्याला घाबरवतायत! मी जिना चढलो, एका दमात. म्हटलं, रंगेहाथ पकडतो.

वर दाराला कुलूप. बाहेरून. मी दाराला कान लावला. आत, दूर कुठेतरी, सर्र... सर्र...

आणि खालून जिन्यावर पावलं वाजली. बाई वर येत होत्या. खांद्याला कॉलेजची पिशवी, हातात किल्ली, कपाळावर उन्हातून आल्याचा घाम.

"बाई," मी म्हणालो. "तुम्ही घरात होतात ना?"

"मी ही आत्ताच येतेय. का हो?"

"माझा पाळणा हलतोय. रिकामा. मी नाही हलवला, बाई, अंगठ्याची शपथ!"

बाई माझ्या शेजारी येऊन दाराशी उभ्या राहिल्या आणि ऐकत राहिल्या. वर्गात पोरांना सांगतात तसं काहीतरी त्या आता सांगतील, म्हणून मी वाट पाहिली. पाहिलं काय, वाटलं काय, लांबी काय, लय काय. काहीतरी कारण असेल, आणि ते यांना ठाऊक असेल, असं मला फार फार वाटत होतं. त्यांनी कुलपाला किल्ली लावली नाही. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. यजमान गेल्यापासून मी ते पाहिलं नव्हतं.

"मग इथे काय उभे राहिलात? आज तुमच्याकडे आलेत, तर खाली जाऊन चहा टाका. साखर कमी घाला, त्यांना गोड चालत नाही."